थैलीतलं आणि कपाटातलं

सोमवारी थैल्या उघडायच्या, हा आरोग्य केंद्रातला जुना रिवाज. आसपासच्या खेड्यांतल्या नर्सबाया सकाळच्या एसटीनं नाहीतर पायीच यायच्या, व्हरांड्यातल्या लांब बाकावर आपापली खाकी थैली उपडी करायच्या, आणि भाऊसिंग शिपाई कपाटाच्या किल्ल्या खुळखुळवत एकेकीला काय संपलं ते भरून द्यायचा. तेवढ्यात चहा व्हायचा, कोणाच्या तरी सासूची उणीदुणी निघायची आणि भरल्या थैल्या खांद्याला लावून बाया पांगायच्या. काम चोख होतं. चोख चाललेल्या कामाला कोणाची तरी नजर लागतेच. इथं ती नव्या डॉक्टरसाहेबांची लागली.

साहेब वाईट माणूस नव्हता, हेच मोठं दुखणं. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पुण्याकडून आलेला, तरणाताठा, कपड्यांना कडक इस्त्री आणि जगातली प्रत्येक वस्तू नीट लावून ठेवायची हौस. एका सोमवारी त्यानं नर्सांच्या थैल्या स्वतः उचलून पाहिल्या आणि कळवळला.

"अहो, केवढं हे ओझं! एवढं घेऊन शेताशेतातून चालता तुम्ही?"

बायांना भरून आलं. आजवर त्यांचं ओझं कोणी उचलून पाहिलं नव्हतं.

साहेबांनी बाकावर दोन ढीग करायला लावले. "हे बघा, थैली लहान आहे आणि हाताशी आहे. कपाट मोठं आहे, पण लांब आहे. मग थैलीत काय असावं? जे रोज लागतं ते. जे वर्षातून एखाददुसऱ्या वेळी लागतं, ते कपाटात. त्याचं ओझं रोज कशाला वाहायचं? साधा हिशेब आहे."

हिशेब खरोखरच साधा होता. इतका साधा की बेबीताईला तो तिथल्या तिथं पटला. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, असंही वाटलं तिला. घरातली मिठाची बरणी चुलीपाशी असते आणि पापडाचा डबा माळ्यावर, हे कोणत्या बाईला सांगावं लागतं? तिनं भराभर आपली थैली निवडली. तापाच्या गोळ्या, कापूस, टिंक्चर, इंजेक्शनची सुई आणि पिचकारी, नाळ कापायची कात्री हे एका बाजूला. सलाईनच्या बाटल्या, रबरी नळ्या आणि बाळंतिणीचं रक्त थांबवायच्या इंजेक्शनांची पेटी दुसऱ्या बाजूला. ती पेटी तिनं आपल्या हातानं भाऊसिंगकडे दिली.

भाऊसिंग तांड्यावरचा. स्वतःच्या घरात चार बाळंतपणं पाहिलेला. तो थबकला. "हे बी कपाटात टाकू, बाई?"

"कितीकदा लागते थे, भाऊ? गेल्या साली तं काढलंच नाई. पडू दे कपाटात."

पडलं. आणि थैली हलकी झाली म्हणून बेबीताई त्या दिवशी वाटेनं गाणं गुणगुणत गेली. हे गाणं तिला पुढं जन्मभर टोचायचं होतं.

कारण हलकी थैली हलकी राहिली नाही. साल होतं शहात्तर, आणीबाणीचं. ज्यांना ते साल आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना कितीही सांगितलं तरी खोटं वाटेल. अकोल्याहून नसबंदीचा आकडा यायचा, आणि तो पुरा झाला नाही की नर्स, शाळेचे मास्तर, ग्रामसेवक, कोणाचाही पगार अडायचा. खुद्द साहेबांचाही अडला होता. म्हणजे आता रोज लागतं ते काय? पत्रकं. दोन लेकरांचं हसरं घर दाखवणारी चित्रं. निरोधची पाकिटं, शिबिराच्या तारखांच्या चिठ्ठ्या, अंगठा उठवायची शाईची डबी. साहेबांच्या साध्या हिशेबानं हे सगळं थैलीत आलं, ठासून ठासून आलं, आणि पहिल्याहून जड होऊन बेबीताईच्या खांद्यावर बसलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. पण तोवर हिशेबाची सवय लागली होती आणि पेटी कपाटात आहे हे ती विसरलीही होती.

बेबीताई रिठदच्या माणिकरावाची लेक. बाप सडकेवर गिट्टी फोडायचा. दीक्षा घेऊन आला आणि त्यानं घरात एकच कायदा केला, पोरगी शिकेल. शिकली. अकोल्याला नर्सिंग करून पांढरं लुगडं नेसून आली तेव्हा बौद्धपुऱ्यातल्या बायांनी तिला ओवाळलं होतं. जऊळक्याच्या अंगाला तिला जे खेडं मिळालं होतं, तिथल्या बौद्धपुऱ्यात तर ती ‘आपली बाई’ होती. कोणाच्या पोराला फोड आला, कोणाचा नवरा दारू पिऊन पडला, तरी आधी बेबीताईला हाक. ती येताना दिसली की पोरं सामोरी पळत यायची.

त्या साली ती येताना दिसली की गावातले बाप्ये ज्वारीत पळू लागले.

पहिल्यांदा तिला हसू आलं. हातात तंबाखू मळता मळता उठून धोतर सावरत पळणारी ती दांडगी माणसं! ज्वारी तेव्हा डोक्याच्या वर गेलेली. आत शिरला की माणूस नाहीसा. दुसऱ्यांदा ती चिडली. तिसऱ्यांदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून तिनं ज्वारीला शिव्या घातल्या. "पळा, पळा! वाघ आला न थैली घेऊन!" आत ज्वारीची ताटं तेवढी हलली. संताप तर आलाच, पण त्याच्या खाली काहीतरी गार गार पसरत गेलं.

बाया मात्र पळत नव्हत्या. निदान गंगू पळत नव्हती.

गंगू म्हणजे इंद्रभानची बायको. पहिलटकरीण, हसरी, बडबडी. इंद्रभान बेबीताईला ताई म्हणायचा, त्यामुळं गंगू तिला कधी वन्संबाई म्हणून चिडवायची तर कधी नर्सबाई म्हणून. पोट तपासून घेता घेता विचारायची, "ताई, लय दुखते का वं?"

"दुखते. खोटं कायले सांगू?"

"मंग मी मेली त?"

"मी हाये न," बेबीताई म्हणायची. "थैली घिऊन येईन. मी असल्यावर कोनी मरत नाई."

हे ती शेखी म्हणून बोलत नव्हती. आजवर तिच्या हातावर एकही बाळंतीण गेली नव्हती.

पण गंगूला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या सासूनं, दुर्गाबाईनं, बेबीताईला बोलावलंच नाही. दुर्गाबाई कजाग नव्हती, घाबरलेली होती. गावात आवई होती की बाळंतपणाला आलेली नर्स जाताना बाळंतिणीच्या नवऱ्याचं नाव नसबंदीला धरून नेणाऱ्या जीपवाल्यांना देते. इंद्रभान एकुलता एक. दुर्गाबाईनं सारी रात्र आणि सकाळ गावातल्या म्हाताऱ्या जमवून काढली. दुपार कलायला लागली, पोरगं झालं, रडलंही. पण गंगूखालचं गोणपाट भिजत राहिलं आणि भिजायचं थांबेना, तेव्हा कुठं एक म्हातारी धापा टाकत बेबीताईच्या खोलीवर आली.

बेबीताई थैली घेऊन पळत गेली. घरात पाय ठेवला आणि तिला सगळं कळलं. वार पडली होती, ती पुरी होती, फाटलं-बिटलं काही नव्हतं. फक्त गर्भाची पिशवी आवळत नव्हती. नुसती सैल पडून होती आणि रक्त येत होतं. भळाभळा नाही. एका धिम्या, निवांत गतीनं, जसं त्याला कोणाची घाईच नव्हती.

तिनं बाळ गंगूच्या छातीला लावलं. ओटीपोट दोन्ही हातांनी चोळायला लागली. चोळलं की पिशवी जराशी कडक व्हायची, हात काढला की सैल. अशा वेळी काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एक इंजेक्शन. तिनं एका हातानं चोळता चोळता दुसरा हात थैलीत घातला आणि घातल्याबरोबर तिला आठवलं.

पिचकारी होती. सुई होती. औषध नव्हतं.

"इंद्रभान!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. "सायकल काढ! केंद्रावर जाय. भाऊसिंगले सांग, रक्त थांबवाची पेटी दे म्हना. कपाटात हाये. बेबीताईनं मांगतली म्हना. पय!"

इंद्रभान उंबऱ्यात उभा होता, चेहरा राखेसारखा. "मी जाऊ, ताई? केंद्रावर?"

"मंग का तुही माय जाईन? पय!"

तो गेला. सायकलनं केंद्र म्हणजे फार लांब नव्हतं. जाऊन येऊन गडी फार तर तासाभरात दारात हवा. बेबीताई चोळत राहिली. गंगू शुद्धीवर होती. "आलं का वं थे?" असं मधून मधून विचारत होती, जणू कोणी पाव्हणा यायचा होता. बेबीताई म्हणे, येऊन राह्यलं. दुर्गाबाई दाराशी उभी राहून पांदणीच्या वाटेकडे डोळे लावून होती. म्हाताऱ्या गंगूचे पाय वर करून धरत होत्या. बैलगाडीत घालून न्यावं असं एकीनं सुचवलं. बेबीताईनं नुसती मान हलवली. त्या खडबडीत वाटेनं गाडीत घालणं म्हणजे उरलंसुरलं सांडून टाकणं.

तास झाला. इंद्रभान आला नाही.

आली ती फटफट. मालेगावचा कैलासचंद, मूग-उडदाचा खरेदीदार, गावात माल पाहायला आला होता. आरडाओरडा ऐकून दाराशी थांबला. दुर्गाबाईनं त्याचे पाय धरले. त्यानं आत न डोकावता बाहेरूनच विचारलं, "काय आनाचं हाये, बाई?"

बेबीताईनं आतून सांगितलं. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमी जाता न? भेत नाई न जीपले?"

"मले कोन धरते आता?" कैलासचंद गाडीला लाथ मारत म्हणाला. "माह्यं तं मागच्याच कॅम्पात झालं. दुकानाचा परवाना पायजे होता न!"

दुसरी वेळ असती तर त्याच्या या बोलण्यावर अख्खं गाव हसलं असतं. तो गेला आणि खरोखर वाऱ्यासारखा गेला. आला तोही तसाच, शर्टाच्या आत पेटी धरून. भाऊसिंगनं क्षणभरही लावला नव्हता. कपाट उघडून पेटी काढून फाटकापर्यंत पळत आणून दिली होती. त्या दिवशी केंद्रात कोणी आडमुठेपणा केला नाही, कोणी सही मागितली नाही, कोणी कोणाला अडवलं नाही. सगळे धावले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग धावणाऱ्यांनी किती का धावावं!

बेबीताईनं इंजेक्शन दिलं. गंगूनं ते पाहिलं नाही. तिचे हात गार झाले होते, ओठ पांढरे फटक. मग श्वास थांबला. बेबीताईचे हात मात्र पोटावर चोळतच होते. दुर्गाबाईनं येऊन ते धरले तेव्हा थांबले.

रडणं उठलं. पण दुर्गाबाई रडली नाही. ती थैलीपाशी गेली, थैली उचलली आणि सगळ्या बायांच्या देखत उपडी केली. पत्रकं पडली. हसऱ्या घराची चित्रं पडली. पाकिटं सारवलेल्या भुईवर पसरली. शाईची डबी गडगडत गंगूच्या पायाशी जाऊन थांबली.

"हे आनलं का वं तुनं?" दुर्गाबाई म्हणाली. "माही सून मरून राह्यली होती, अन् तू तिच्यासाठी हे घिऊन आली? आपली म्हनो तुले आमी!"

बेबीताईला तो सोमवार आठवला. ती पेटी कोणी हिसकावून नेली नव्हती. तिनं आपल्या हातानं दिली होती, आणि वर गाणं म्हणत घरी गेली होती. तिला स्वतःचा असा संताप आला की आपलेच हात तोडून टाकावेत असं वाटलं. पण स्वतःवरच्या रागानं माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही. तो राग दुसरीकडे जागा शोधतो. तिला ती लगेच सापडली. कैलासचंद दारात उभा राहून सांगत होता, "त्याची सायकल मले दिसली. केंद्राच्या अलीकडे, धुऱ्यावर पडून होती. मानूस नाई दिसला."

बेबीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच निघाली. लुगड्यावर रक्त, हातावर रक्त. वाटेत भेटलेले लोक बाजूला झाले. सायकल दिसली तिथं ती ज्वारीत घुसली, पातींनी हात-तोंड कापत, ताटं मोडत. "इंद्रभान! निघ बाहीर! बायकोले मरू दिलं अन् लपून बसला! मर्द हायेस का कोन हायेस?"

तो फार आत नव्हता. गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तिनं त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि एक ठेवून दिली. त्यानं चुकवली नाही.

"जीप उभी होती, ताई," तो म्हणाला. "फाटकातच. दोन शिपाई अन् थे गाडीवाले. मी म्हनलं, जाते का जाते थे, मंग मी जाईन. थांबलो. गेलीच नाई जीप. अंधारी आली डोयावर. मले धरलं असतं तं गंगूले मंग लेकरूच... पयलंच हाये आमचं." मग त्यानं तिच्या लुगड्याकडे पाहिलं. "कशी हाये थे?"

तोवर त्याला ठाऊक नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

त्याला ते तिच्या तोंडावरून कळलं. तो खाली बसला. मग तो म्हणाला, अगदी हळू, शिवी देतात तसं नाही, तर एखादी गोष्ट सांगतात तसं, "मी तुमच्या थैलीले भेत होतो, ताई. दोन महिने झाले. तुमी आल्या का आमी सारे भेतो."

तिनं ज्याच्यावर राग काढायला एवढी ज्वारी तुडवली, तो माणूस रागाला पुरा पडेना. तिनं त्याला हाताला धरून घरी आणलं.

गंगूला मूठमाती दिली. त्रिशरण म्हणताना बेबीताई बायांच्या मागं उभी होती. कोणी तिला पुढं बोलावलं नाही.

मग सोमवार आला. बाकावर थैल्या उपड्या झाल्या. चहा झाला, पण कोणी कोणाच्या सासूविषयी बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं. साहेबांनाही कळलं होतं; ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. चेहरा खरंच उतरलेला होता. "फार वाईट झालं, बेबीताई. मलाही झोप लागली नाही. पण आपण भावनेच्या भरात जाऊन चालणार नाही. अशी केस वर्षातून एखादी. तिच्यासाठी सगळ्या थैल्या पुन्हा..."

"गंगूले तं एकदाच लागलं, साहेब," ती म्हणाली. "रोज कोन मरते?"

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"मी तुमचं दुःख समजू शकतो. पण तिचा नवराच वाटेतून पळून गेला, त्याला मी काय करणार?"

हे मात्र बोलायला नको होतं. बेबीताई उठली. "तुमची जीप पाहून पयाला थो! बाळंतिनीचं औषध आनाले आलेला मानूस तुमच्या फाटकातून पयून जाते, तं कायचा दवाखाना हाये हा? माह्या थैलीत तुमी हे भरलं, मी भरू देल्लं, अन् गावात माही वयख काय झाली ठाव हाये? मले पाहून लोक ज्वारीत घुसतात! माह्या बापानं गिट्टी फोडून मले शिकवलं थे याच्यासाठी?" आणि तिनं पत्रकं, पाकिटं, चित्रं, डबी, सगळं दोन्ही हातांनी उचलून साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपावर, नेऊन टाकलं. कप लवंडला. पत्रकांवरची हसरी घरं चहानं भिजली.

"बेबीताई! हे सरकारी सामान आहे. याचा अर्थ समजतो ना तुम्हाला? पगार निघणार नाही तुमचा. बदलीही होईल."

"करा. होईन तवा होईन. आज थैली माही हाये." ती वळली. "भाऊ, पेटी काढ."

भाऊसिंगनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. ते कपाखालून चिठ्ठ्या ओढून काढण्यात गुंतले होते. भाऊसिंगनं किल्ली लावली. बेबीताईनं पेटी थैलीच्या पार तळाशी नाही, तर वर, झाकण उघडल्याबरोबर हाताला लागेल अशी ठेवली. दुसऱ्या कोण्या बाईनं पेटी मागितली का? नाही. सगळ्यांची घरं होती, लेकरं होती. बेबीताईला त्यांचाही राग आला, आणि तिला पुढं कधी त्यांना माफ करता आलं नाही.

ती थेट गावात गेली. गंगूचं लेकरू पाहायचं होतं. शेळीचं दूध पाजत होते, ते पचतं की नाही कोण जाणे. पांदणीतून वळली आणि पारावर बसलेली माणसं उठली. तीच धोतरं, तीच धांदल. ज्वारी आता पिवळी पडायला लागली होती, पण माणसाला पोटात घ्यायला अजून पुरेशी होती. ताटं हलली आणि थांबली.

बेबीताई धुऱ्यावर उभी राहिली. तिचा जीव इतका तळतळला की ती ओरडायला लागली. "पाहा रे! पाहा माही थैली! आता नाई त्याच्यात कायी! या बाहीर, हात घालून पाहा!" तिनं पदर धुऱ्यावर पसरला आणि एकेक वस्तू काढून त्यावर मांडली. कापूस. टिंक्चर. कात्री. पिचकारी. पेटी उघडी करून ठेवली. "कोनाले धराले नाई आली मी. कोनाचं नाव नाई देल्लं, कधीच नाई देल्लं! आयकता का?"

कोणी आलं नाही. आत कोणीतरी खोकलं, तेवढंच. थैलीतलं सामान एका सोमवारात बदलता येतं. माणसं तशी बदलत नाहीत, आणि त्यांनी का बदलावं? बेबीताईला रडू येत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. ती सामान आवरायला खाली वाकली.

तेव्हा इंद्रभान आला. तो ज्वारीतून नाही आला, सरळ पांदणीनं आला. त्याला आता लपायचं कारण उरलं नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो पदरासमोर उकिडवा बसला. पेटीकडे बोट करून त्यानं विचारलं, "हेच का थे?"

"हेच."

त्यानं कापसातून एक कुपी काढली. औषधाची, काचेची, करंगळीच्या पेराएवढी. तळहातावर घेतली, उन्हात धरून पाहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. त्याला वाटलं होतं की ज्याच्यासाठी कपाट लागतं, शिपाई लागतो, फटफट लागते, ते औषध काहीतरी मोठं असेल.

"एवढीशी?"

बेबीताईनं मान हलवली.

इंद्रभाननं कुपी जपून परत कापसात ठेवली.

"एवढी तं माह्या खिशात मावली असती, ताई," तो म्हणाला. "मले सांगतलं असतं तं नऊ महिने ठेवली असती मी."